विजेच्या मनोऱ्यावरील काचेची तार

आमच्या व्यापारी बंधूंस मालाची पारख शिकवावयास नको. निपाणीच्या वखारीत तंबाखूचे पान बोटांत चुरून त्याची प्रत सांगणारी माणसे आपल्यांतच आहेत. परंतु ज्या तारेवर आज ई-वे बिल, बँकेचा भरणा आणि परगावच्या भावांची चौकशी अवलंबून आहे, त्या तारेची पारख करण्याची आपणांस सवय नाही. रस्तारुंदीत जमिनीखालची तार तुटली की दोन दिवस पेढीचा व्यवहार अडतो, आणि मग कोणी सुचवितो, 'विजेच्या खांबावरूनच घ्या की!' सूचना योग्यच आहे. मात्र खांबावरची प्रत्येक तार सारखी नसते.

केसाएवढ्या काचतंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश जातो. काच उत्तम असल्यास पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. आणि काच वीज वाहून नेत नसल्याने शेजारी लाखो व्होल्ट खेळत असले तरी संदेशात खरखर उमटत नाही. वीजमंडळींस ही तार हवी असते ती मुख्यतः स्वतःच्या रक्षणासाठी. वाहिनीच्या दोन टोकांची यंत्रे परस्परांशी क्षणाक्षणाला बोलतात, आणि बिघाड होताच सेकंदाच्या अल्पांशात वाहिनी तोडतात. उरलेल्या तंतूंवरून इतरांचे संदेश जातात.

उंच मनोऱ्याच्या माथ्यावर एक तार असते, तिच्यातून वीज वाहत नाही. आकाशातील वीज आपल्यावर घेऊन जमिनीत पोचविणे हे तिचे काम. तिला भू-तार म्हणतात. ब्रिटनमधील बीआयसीसी या कंपनीने १९७७ साली या भू-तारेच्याच पोटात काचतंतू घालण्याचे पेटंट घेतले. हीच ओपीजीडब्ल्यू. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांच्या वेढ्यात धातूची नळी, नळीत तंतू. धारवाडजवळील नरेंद्र येथून कोल्हापूरकडे गेलेल्या, ७६५ किलोव्होल्टसाठी बांधलेल्या वाहिनीसारख्या मोठ्या कामांत हाच प्रकार शोभतो. नव्या वाहिनीस भू-तार घालावीच लागते, तेव्हा खर्च होतो तो केवळ दोहोंतील फरकाचा. जुन्या वाहिनीवर मात्र चांगली भू-तार उतरवून नवी चढवावी लागते, आणि हिशेब उलटा होतो. वळवाच्या कडकडाटात हिचे बाहेरचे पदर क्वचित तुटतात. म्हणून ते जाड असलेले बरे.

दुसरा प्रकार, म्हणजे जुन्या भू-तारेभोवती सहा-सात मिलिमीटरची बारीक तार यंत्राने गुंडाळणे. काम झटपट होते, ओझे नाममात्र. परंतु आकाशातील वीज पडली किंवा बिघाडाच्या प्रवाहाने भू-तार तापली की तिचे कवच भाजते. जुन्या मनोऱ्यांवर दुसरा इलाज नसेल तेथेच ती वापरावी, असे आमचे मत आहे.

आपल्या गावांपर्यंत येणारी तार बहुधा तिसऱ्या जातीची असते, एडीएसएस. हिच्यात धातूचा अंशही नाही. अरॅमिड तंतूंच्या बळावर ती स्वतःच स्वतःला तोलून धरते. वीज बंद न करता ती बसविता येते, हा तिचा मोठा गुण. केरळात ५ जून २०२३ रोजी उद्घाटन झालेले के-फोनचे जाळे मोठ्या अंशाने वीजखांबांवरील अशाच तारेचे आहे.

परंतु या तारेचे भवितव्य ती खांबावर कोठे टांगली यावर ठरते. उच्च दाबाच्या तारांभोवतीच्या हवेतही दाब असतो. साधे पॉलिथिनचे कवच सुमारे बारा किलोव्होल्टपर्यंतचा असा दाब सोसते. विशेष कवच पंचवीसपर्यंत. तारेवर धूळ व काजळी बसली आणि ती ओलसर झाली, की तिच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. ओल जेथे आधी सुकते तेथे ठिणग्या उडतात, आणि कवच हळूहळू जळते. आमच्याकडे लोक पावसाला भितात. वस्तुतः मुसळधार पाऊस तार धुऊन काढतो. खरे भय धुके आणि दव यांचे, आणि साखर कारखान्यांच्या चिमण्यांजवळ ते अधिकच.

म्हैसूरकडे ६६ किलोव्होल्टच्या वाहिन्या पुष्कळ आहेत. जुन्या मुंबई इलाख्यातील आपल्या भागात मात्र ११० किलोव्होल्टच्या. तेथून ही तार न्यावयाची असेल, तर जागेचे गणित प्रत्येक मनोऱ्यागणिक मांडावे लागते. वस्तीतल्या ११ किलोव्होल्टच्या खांबांवर साधे कवच पुरते. तेथे महाग कवचाचे पैसे देणे म्हणजे पोत्याला रेशमी अस्तर लावणे होय.

बेळगुंदीसारख्या गावी वखारीपर्यंत तार ओढण्याचा प्रस्ताव घेऊन कोणी आल्यास, भावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात: वाहिनी किती किलोव्होल्टची, कवच कोणत्या प्रतीचे, आणि रस्ता ओलांडताना तार किती उंचीवर राहणार. ही शेवटची गोष्ट कागदावर सहसा नसते. एडीएसएस वीजवाहक तारांच्या खाली लोंबते, आणि गळिताच्या हंगामात शिगोशीग भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात.