भेंडीवरील हळद्या रोग : विषाणूची वाढ कशी होते?

भेंडीच्या कोवळ्या पानांच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, मग सबंध पान पिवळे होते आणि फळेही फिकट व निबर निघतात. यालाच हळद्या किंवा केवडा म्हणतात. तत्कालीन मुंबई इलाख्यात १९२४ साली या रोगाची नोंद झाली. तो दिसताच पुष्कळ शेतकरी बुरशीनाशक फवारतात. परंतु तो खर्च वाया जातो. याचे कारण विषाणूच्या वाढीच्या रीतीत आहे.

बुरशी अन्न शोषून स्वतः वाढते. विषाणू खात नाही, श्वसन करीत नाही आणि जिवंत पेशीबाहेर त्याची वाढ होत नाही. प्रथिनाचे कवच व त्याच्या आत डीएनएचा सूक्ष्म धागा, एवढेच त्याचे शरीर. एका मिलिमीटरच्या ओळीत असे तीस हजार कण सहज मावतील.

पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते, तेव्हा हे कण तिच्या शरीरात जातात. पुढे ती निरोगी झाडात सोंड खुपसते, तेव्हा लाळेबरोबर ते रसवाहिनीतील पेशींत उतरतात. तेथे कवच गळून पडते व धागा पेशीच्या केंद्रकात शिरतो. पेशी त्या परक्या धाग्यास जोडधागा तयार करते आणि त्यावरील सूचनांप्रमाणे विषाणूची प्रथिने घडवू लागते. त्यांपैकी एक प्रथिन पेशीच्याच सामग्रीतून धाग्याच्या असंख्य नकला काढविते. दुसऱ्याचे कवच बनते. टाकसाळीत कोणी खोटा ठसा सरकवावा, आणि कारागीर व धातू टाकसाळीचेच असूनही नाणी मात्र खोटी पडावीत, तसाच हा प्रकार होय. पुढे विषाणू शेजारच्या पेशींत व रसाबरोबर शेंड्याकडे पसरतो.

विषाणूचे काम झाडाचीच यंत्रणा करीत असल्यामुळे, झाड राखून विषाणू तेवढा मारील असे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. रोगट झाड बरे होत नाही; उलट ते रोगाचे कोठार बनते. लागण जितकी लवकर, तितके नुकसान अधिक. यास्तव पुढील उपाय योजावेत :

(१) पहिले पिवळे झाड दिसताच ते पोत्याने झाकून उपटावे व पुरून टाकावे, म्हणजे त्यावरील माश्या इतरत्र उडणार नाहीत.

(२) पिवळे चिकट सापळे लावावेत व ५ टक्के निंबोळी अर्क फवारून माशीस आळा घालावा.

(३) बांधावरील तण काढावे.

(४) रोगास दाद न देणारे वाण निवडावेत. मात्र एकेकाळी प्रतिकारक ठरलेले वाणही पुढे रोगास बळी पडलेले आहेत. म्हणून आपल्या भागातील अनुभव विचारून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्यास रोगट पान व त्याखालील माशी प्रत्यक्ष दाखवावी. शत्रू कोठे आहे हे कळले, म्हणजे पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो.