सेवाग्राम ते पवनार: सायकलवर धामच्या काठाला

आज सायकल, पण गिअर आणि स्पीडच्या गप्पा नाहीत. वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि परत वर्धा असा साधारण २५ किलोमीटरचा फेरा. थांबत थांबत गेलात तरी एक सकाळ पुरते.

आधी सेवाग्राम. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्ध्याहून इथे पायीच आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावमुळे पत्रांचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. म्हणजे युनिक आयडी नसल्याचा प्रॉब्लेम तेव्हाही होताच! (हसतो)

तिथून पवनारला, धाम नदीवर. मला विचाराल तर जास्त वेळ इथेच ठेवा. १९३८ मध्ये विनोबा आजारी होते, हवापालटासाठी इथे आले. पूल ओलांडताना त्यांनी मनातली सगळी कामं सोडून दिली, असं ते सांगत. धामच्या पलीकडे म्हणून जागेचं नाव 'परंधाम'. पुढे रोज थोडी थोडी जमीन खोदताना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प सापडलं. ते आजही आश्रमात आहे.

ते शिल्प इथे का निघालं? पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं अनेक अभ्यासक मानतात. १९६७ मध्ये इथे उत्खननही झालं. रामकथेवरचं 'सेतुबंध' हे काव्य याच राजाच्या नावावर आहे, तेही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. आणि १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात विनोबांनी याच गावातून केली. एवढ्याशा गावात केवढं काय काय!

आता कामाचं. हा फेरा कुठला तयार ट्रेल नाही. नागपूर रस्त्यावर ट्रक जोरात असतात, त्यामुळे हेल्मेट आणि मागचा लाल लाइट हवाच. पायी जाणाऱ्यांनी सेवाग्रामचा रस्ता धरावा, नागपूर रोड टाळावा. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पहाटेच निघा, नऊच्या आत परत. पावसाळ्यात नदीतले खडक निसरडे असतात. सेल्फी काठावरूनच.

गर्दी चालत असेल तर १२ फेब्रुवारीला जा. १९४८ मध्ये त्या दिवशी धामच्या पात्रात गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, आणि अजूनही त्या तारखेला तिथे सर्वोदय मेळा भरतो.