"गॅसच असेल" म्हणण्याआधी

पहाटे चारला आमच्या गल्लीतल्या एका काकूंना दरदरून घाम फुटला, जबडा दुखू लागला, जीव घाबरा झाला. छातीत मात्र दुखत नव्हतं. जमलेले आम्ही सगळे शहाणे म्हणालो, पित्त झालंय, सोडा द्या. काकूंना शुगर आहे. शुगर असणाऱ्यांना, आणि बायकांनाही, कधीकधी छातीत न दुखता हार्ट अटॅक येतो, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी १०८ ला फोन केला. दवाखान्यात पहिला ईसीजी नॉर्मल आला. आम्ही निघालोच होतो, तर ड्युटीवरची तरुण डॉक्टर म्हणाली, "मला अजून खात्री नाही. थांबा."

खरं सांगतो, राग आला. एवढी शिकलेली, आणि खात्री नाही? पण तिचंच बरोबर होतं. सुरुवातीला ईसीजी साफ येऊ शकतो, म्हणून तो परत काढतात. हृदयाला इजा झाल्यावर रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं, पण त्याला काही तास लागतात. म्हणून रक्तही पुन्हा तपासतात. काकूंच्या दुसऱ्या ईसीजीत अटॅक दिसला. काकू आज घरी आहेत.

त्याआधी एका ठिकाणी आमच्याच एका माणसाला "गॅस आहे" म्हणून इंजेक्शन देऊन दहा मिनिटांत घरी पाठवलं होतं. तो डॉक्टर आम्हाला फार हुशार वाटला होता. चार दिवसांनी आम्ही त्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला बसलो होतो.

"घरी जा" म्हटलं, तर एवढं विचाराच: ईसीजी परत काढणार का? रक्त परत कधी तपासणार? काय झालं तर लगेच यायचं?