तारेवरची साक्ष

इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत मजुरी मिळे ती खणलेल्या कोळशाच्या वजनावर, आणि वजन करणारा माणूस असे मालकाचा. काटा त्याचा, वहीही त्याची. मग तंटे कशावरून होत ते सांगावयास नको. 1860 च्या कायद्याने काट्यापाशी आपला एक माणूस उभा करण्याचा हक्क खाणकामगारांना मिळाला. तो कोळसा भरीत नसे की उतरवीत नसे. वजन नीट होते की नाही एवढेच पाही. युनियनच्या कामात या माणसाची आठवण आम्हाला वारंवार झाली आहे. अलीकडे ती झाली ती निराळ्याच जागी.

मुलुंडकडच्या एका कारखान्यात मस्टर जाऊन फाटकावर अंगठ्याची यंत्रे आली. अंगठा लावला की यंत्र वाजते, हजेरी तारेवरून दूरच्या संगणकांकडे जाते आणि ती तेथे पोचेल तेव्हाची वेळ लागते. तीन उशीर झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापावयाचा, असा नियम. काही महिन्यांनी सकाळच्या पाळीच्या बायका आमच्याकडे आल्या. आठच्या आत अंगठा लावूनही नोंद होई ती आठ वाजून दोन मिनिटांची, कधी चार मिनिटांची. व्यवस्थापन म्हणे, यंत्र खोटे बोलत नाही. बाया म्हणत, आम्हीही बोलत नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते, हे पुढे कळले. परंतु ते कळावयास तारेवर पाहावे लागले.

हजेरीचा हिशेब एका संगणकावर नव्हता. तो क्लस्टरवर, म्हणजे यंत्रांच्या जथ्यावर होता. असा जथा सांभाळणारी कुबरनेटीस नावाची प्रणाली गूगल कंपनीने 2014 साली सर्वांस खुली केली. ती एकाच कामाच्या अनेक प्रती चालविते; तशा प्रतीला पॉड म्हणतात. बाहेरून पत्ता एकच. आत आलेली प्रत्येक जोडणी कोणत्या तरी एका पॉडकडे वळविली जाते. कोणता पॉड कोणत्या यंत्रावर बसेल याचा नेम नाही. आज येथे, उद्या तेथे. गिरणीतल्या बदली कामगारासारखे.

तारेवरून जे जाते ते लहान लहान पॅकेटांनी. अंधेरी-बोरिवलीच्या लोकांना हे समजावण्यास डबेवाल्याचा डबा पुरेसा आहे. झाकणावर खूण असते, तीवरून डबा कोठून कोठे जावयाचा ते कळते. आत पोळी आहे की भात, हे वाटेतल्या माणसास कळण्याचे कारण नाही. पॅकेटालाही असे झाकण असते, आणि आतला मजकूर हल्ली बहुधा सांकेतिक लिपीत बंद केलेला असतो.

ही झाकणे वाचणारे जुने हत्यार म्हणजे टीसीपीडंप. अमेरिकेतील बर्कले येथील लॉरेन्स प्रयोगशाळेतून जेमतेम 400 यार्डांवरच्या विद्यापीठाकडे जाणारी वाहतूक ऑक्टोबर 1986 मध्ये एकाएकी तुंबली. सेकंदाला 32,000 बिटांवरून ती 40 बिटांवर आली. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला, आणि त्याच प्रयोगशाळेत 1988 साली त्यांनी क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांच्यासह हे हत्यार घडविले. (त्याच सुमारास आपल्या जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत पवईच्या आयआयटीशी संगणकी टपाल जोडण्याची खटपट चालू होती. आमच्या उपनगरांचा या विद्येशी संबंध काल-परवाचा नव्हे.) चित्रे दाखवणारी साधने पुढे पुष्कळ निघाली. टीसीपीडंप मात्र काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून चालते, आणि जेथे पडदा व माउस नाही अशा दूरच्या यंत्रावरही चालते. म्हणूनच ते टिकले.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात हात घालणे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अंगलट येते. सबब आम्ही संयुक्त तपासणी मागितली. हुकूम टाइप करील कंपनीचा तंत्रज्ञ, शेजारी बसेल आमची माहितगार मुलगी. अट एकच, पण ती आम्ही लेखी घेतली. प्रत्येक पॅकेटाचे पहिले 96 बाइट घ्यावयाचे, म्हणजे झाकणापुरतेच, आणि तेही हजेरीच्या दाराचे. कारण जे हत्यार हजेरी शोधते तेच उद्या कोण कोणाशी बोलले हेही शोधील. युनियनच्या माणसाने हे विसरून चालत नाही.

क्लस्टरमध्ये पाहावयाचे ते दोन ठिकाणी पाहावे लागते. एक फाटकाकडून वाहतूक येते त्या दारावर, दुसरे खुद्द पॉडच्या खोलीत. पॉड कोणत्या यंत्रावर आहे ते आधी क्यूब-कंट्रोलला विचारावयाचे. पॉडमध्ये बहुधा टीसीपीडंप नसते. तेव्हा त्याच्याच जाळ्यात एक तात्पुरता मदतनीस सोडता येतो. ही सोय 2022 सालापासून पक्की झाली. दोन्हीकडे पकडलेले फाइलीत उतरवून मग ताडून पाहावयाचे. यात दोन खाचखळगे आहेत. वाटेत पत्ता बदलतो, कारण बाहेरचा एक पत्ता आत पॉडचा होतो. परंतु पॅकेटावरचा अनुक्रमांक तोच राहतो, त्यावरून जोडी लावावी. आणि दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली आहेत ना, हे आधी पाहावे. नाही तर काट्याचाच तंटा पुन्हा सुरू.

फाइलीत दिसले ते असे. फाटकावरच्या यंत्राने वेळेवर हाक मारली. ती दारातून गेली, पॉडच्या खोलीतही पोचली. पण ओ आली नाही. तो पॉड मेला नव्हता, गुंगला होता. त्याची रांग भरलेली, म्हणून नव्या हाका तो गुपचूप टाकून देत होता. आणि तो कामावर हजर आहे का हे विचारण्याची सोय कोणी लावलीच नव्हती, म्हणून त्याच्या वाट्याचे काम त्याला मिळतच राहिले. ओ न आल्यास यंत्र 1 सेकंदाने पुन्हा हाकारते, मग 2, 4, 8 असे अंतर दुप्पट होत जाते. लिनक्सच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सहा वेळा पुन्हा हाकारून 127 सेकंदांनी ते नाद सोडते. या सगळ्या हाका एकाच जोडणीच्या, म्हणून त्या त्याच गुंगलेल्या पॉडकडे जात. मग नवी जोडणी, बहुधा दुसरा पॉड, आणि क्षणात ओ. 127 सेकंद म्हणजे दोन मिनिटे सात सेकंद. दोनदा दैव फिरले तर चार मिनिटांवर. बायांच्या तक्रारीतली दोन आणि चार मिनिटे येथून आली होती.

व्यवस्थापनाने हे मान्य केले. वेळ अंगठ्याच्या यंत्रावरचीच धरावी असे ठरले, पॉडची विचारपूस करण्याची सोय लागली, आणि पकडलेली फाइल दोन्ही बाजूंसमक्ष पुसली. त्या आठवड्यातील कपात पुढच्या पगारात परत आली. आधीच्या महिन्यांची आली नाही. तेव्हा तारेवर कोणी पाहत नव्हते, आणि न पकडलेले पॅकेट मागाहून सापडत नाही. त्या रकमेसाठी आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.