अमेरिकेत विषयनोंदणी करताना १२ क्रेडिटचे गणित

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही संख्या विद्यापीठ ठरवते. गोंधळ होतो तो मोजणीत. पूर्णतः ऑनलाइन असलेल्या विषयांपैकी एका सत्रात एकच विषय, किंवा तीन क्रेडिट, या किमान संख्येत धरता येतात. प्रत्येकी तीन क्रेडिटचे दोन ऑनलाइन आणि दोन प्रत्यक्ष वर्गातील विषय घेतल्यास बेरीज १२ दिसते, नियमाने मात्र ती ९ भरते. प्रतीक्षा यादीतील विषयावर तर विसंबूच नये.

खरा धोका विषय सोडताना असतो. शैक्षणिक सल्लागाराने होकार दिला म्हणजे व्हिसाचा प्रश्न सुटला, असे नव्हे. क्रेडिट किमान मर्यादेखाली जाणार असतील, तर विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या नियुक्त अधिकाऱ्याची, म्हणजे डीएसओची, परवानगी आधी घ्यावी लागते. आजारपण, इंग्रजीची सुरुवातीची अडचण, अपरिचित अध्यापनपद्धती ही कारणे मान्य होतात. नापास होण्याची नुसती भीती पुरेशी नसते. परवानगीविना विषय सोडल्यास ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीतील विद्यार्थ्याची नोंद रद्द होऊ शकते. नंतर मिळवलेली परवानगी ही चूक भरून काढत नाही.