छंद त्यांचा, बांध आपला!

पावसाने जरा उघडीप दिली, की शनिवार-रविवारी डोंगराकडच्या गावांत हल्ली मोटारसायकलींचे जथे दिसू लागले आहेत. गुडघ्याला कवच, नडगीपर्यंत बूट, गाडीला दातेरी टायर. गावकरी विचारतात, "कुठं निघाला, पाव्हणं?" तर म्हणे कुठंच नाही! चांगली सडक सोडून मुद्दाम दगडधोंड्यांतून, चिखलातून गाडी घालायची, हाच त्यांचा छंद. याला 'ट्रेल रायडिंग' म्हणतात.

हे निव्वळ खूळ नव्हे. यात कसब आहे. खाचखळग्यांत स्वार सीटवर बसत नाही, पायट्यांवर उभा राहून गाडी गुडघ्यांनी सांभाळतो. बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ साली अवघड समजली जाणारी डकार रॅली पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० बाजारात आली, आणि हा छंद नोकरदार तरुणांच्या आवाक्यात आला.

नुकसान कसे होते?

गाडी आणि स्वार मिळून वजन भरते सव्वादोन क्विंटलच्या आसपास. हा सगळा भार दोन अरुंद टायरांवर येतो. गाडी उतारावर सरळ चढली, की चाकोरी पडते. पुढच्या पावसाला पाणी तीच वाट धरते आणि चाकोरीची घळ होते.

खरी काळजी सलग समतल चरांची आहे. ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल चर खोदून त्याची माती खालच्या अंगाला लावलेली असते. चर एका पातळीत असल्याने पाणी जागीच थांबते आणि मुरते. पण भराव एका ठिकाणी जरी फुटला, तरी दोन्ही बाजूंचे पाणी त्याच खिंडारातून बाहेर पडते. ते खालच्या चरावर आदळते आणि तोही फोडते. श्रमदानातून, जलयुक्त शिवारातून झालेले काम असे एका पावसात वाया जाऊ शकते, आणि त्याची झळ उन्हाळ्यात खालच्या विहिरींना लागते.

माळाचेही तसेच. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मार्च ते जून हा त्यांचा विणीचा काळ. शिवाय गाडीच्या आवाजाने मेंढरं बुजतात ती वेगळीच.

जमीन कोणाची, ते आधी पाहा

राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात जायलाही वनखात्याची परवानगी लागते. गायरान सरकारी असते, ग्रामपंचायत ते सांभाळते. तेव्हा परस्पर पैसे घेऊन तिथे गाड्या सोडू नयेत, आधी तहसीलदार कार्यालयात विचारावे. खासगी पडीक जमिनीत मालकाची संमती हवी, आणि ती लेखी असलेली बरी.

गावाने काय करावे?

१) ग्रामसभेत विषय घ्यावा. चर, बांध, नालाबांध कुठे आहेत त्या ठिकाणी फलक लावावेत. पाहुण्याला चर दिसत नाही, गवतात तो झाकलेला असतो.

२) वाट द्यायचीच तर खडकाळ, मुरमाड पडीक जमिनीतून, उताराला आडवी द्यावी. चर ओलांडणारी वाट नको.

३) वाफसा येण्याआधी आपण औत घालत नाही, मग गाडी तरी का घालू द्यावी? मोठ्या पावसानंतर रान सुकेपर्यंत वाट बंद ठेवावी.

४) फुटलेला भराव पुढच्या पावसाची वाट न पाहता दुरुस्त करावा. माती थराथराने चोपावी, वर दगड लावावेत आणि मारवेल किंवा स्टायलो पेरावे.

५) आलेल्या लोकांशी भांडण्यापेक्षा बोलावे. पिठलं-भाकरी, चहा, गाड्या लावायला जागा यांतून चार पैसे घरात येतात. ज्यांना हे कायमचे करायचे आहे, त्यांनी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, त्याची चौकशी करावी.

आपल्या पोरांचे काय?

बाहेरच्या गाड्या पाहून गावातली पोरंही बापाची गाडी घेऊन टेकडीवर जाऊ लागली आहेत. हेल्मेट नाही, बूट नाहीत, वय चौदा-पंधरा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचे सोडा, पोराचा पाय मोडला तर सुगीत हाताखाली कोण येणार?

छंदाला कोणाची ना नाही. पण डोंगरावर मुरलेले पाणी हे खालच्या शिवाराचे भांडवल आहे. दिवाळीपूर्वी ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी गावकऱ्यांसह एकदा चरांवरून शिवारफेरी करावी. कुठे फुटले आहे ते दिसेल, आणि वाट कुठून द्यायची तेही जागेवरच ठरेल.