योगाभ्यास आणि चीगाँग : श्वास एका वेळी एकाच शास्त्राचा

पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानी अरण्याने वेढलेला किनवटचा मुलूख निजामी अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडच्या दफ्तरी दाखल झाला. परंतु राज्ये आणि जिल्हे बदलले तरी शेजारच्या माहूरगडावरील दत्तशिखर आणि रेणुकामातेचे ठाणे यांच्याशी या भागाचा जो ऋणानुबंध आहे, तो कोणत्याही हुकुमाने बदललेला नाही. दत्तात्रेय हे योग्यांचे आराध्य दैवत. हठयोगाचे त्याच नावाने पद्धतशीर विवेचन करणाऱ्या आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते, तो तेराव्या शतकाच्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ या नावानेच प्रसिद्ध आहे. आणि १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे, ते मराठी माणसाच्या कानांवरून पिढ्यान् पिढ्या जात आले आहे. अशा या मुलखात, आसने आणि प्राणायाम करणाऱ्या माणसाच्या हातातील मोबाइलवर आता चीनमधील ‘चीगाँग’ या संथ हालचाली व श्वासाच्या अभ्यासाची चित्रफीत येऊन पोहोचली आहे, आणि ‘दोन्ही एकत्र केले तर चालेल काय?’ असा प्रश्न तो करू लागला आहे. हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर मी प्रथमच देऊन ठेवतो : शरीराच्या हालचाली दोन्ही शास्त्रांच्या कराव्यात, परंतु श्वास आणि चित्त ही एका वेळी एकाच शास्त्राच्या स्वाधीन करावीत.

या दोन विद्यांची ओळख आजकालची नव्हे. १९७३ साली चीनमधील छांग्शा नगरानजीक मावांगदुई येथील एका प्राचीन थडग्यात रेशमावर रंगविलेला एक पट सापडला. त्यावर स्त्रीपुरुषांच्या चव्वेचाळीस आकृती निरनिराळे अंगविक्षेप करताना दाखविल्या आहेत, आणि ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेले आहे. म्हणजे चिनी लोकांची ही विद्या त्यांच्या स्वतःच्या भूमीत उगवलेली आहे, यात संदेह नाही. परंतु सातव्या शतकात सुन् स्स-म्याओ या थोर चिनी वैद्याने आपल्या वैद्यकग्रंथात अठरा हालचालींची एक पद्धत नमूद केली आणि ती भारतातील ब्राह्मणांची म्हणून सांगितली, हे वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. कारण परदेशी विद्या स्वीकारताना तिचे मूळ प्रामाणिकपणे नोंदविण्याची आणि ती स्वतंत्र प्रकरण म्हणून ठेवण्याची जी शिस्त त्या वैद्याने दाखविली, तीच आज आपल्याला हवी आहे. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने चिनी भिक्षूंना स्नायुपरिवर्तनाचा व्यायाम शिकविला, ही कथा मात्र इतिहासकार मान्य करीत नाहीत. ही कथा ज्या ग्रंथात आहे, त्याचा पुरावा सतराव्या शतकापलीकडे जात नाही.

आजचे चीगाँग बरेचसे विसाव्या शतकाच्या मध्यावर आकारास आले. ल्यू ग्वेझन याने १९५० नंतरच्या दशकात रुग्णालयीन उपचार म्हणून त्याची मांडणी केली, आणि २००३ साली चीनच्या क्रीडाखात्याने चार संच प्रमाण ठरवून प्रसिद्ध केले. त्यांपैकी ‘बादुआनजीन’ हा आठ हालचालींचा संच नवशिक्यास सर्वांत सोपा. उभे राहून, सांधे सैल ठेवून, हात संथपणे वर-खाली, पुढे-मागे न्यावयाचे, पोट सैल सोडून सहज श्वास घ्यावयाचा, लक्ष नाभीखाली स्थिर करावयाचे आणि शेवटी सारी जाणीव तेथेच आणून थांबवावयाची, हे त्याचे सामान्य स्वरूप आहे.

हठयोगाची दिशा नेमकी याच्या उलट आहे. मूलबंध, उड्डियानबंध आणि जालंधरबंध यांच्या योगे प्राण वरच्या मार्गास लावावयाचा, असे शास्त्र सांगते. हे बंध म्हणजे निव्वळ मनाची कल्पना नव्हे, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून आपल्या प्रयोगांचे वृत्तांत जगापुढे ठेवण्यास प्रारंभ केला. उड्डियानबंधावर आधारलेल्या नौली या पोटाच्या क्रियेच्या वेळी आतड्यात बाहेरील वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने दाखविले आणि त्या निर्वातास आपले गुरू परमहंस माधवदास यांचे नाव दिले. श्रद्धेला मापनाची जोड देणाऱ्या या पुरुषाचे ऋण महाराष्ट्राने अद्याप पुरते ओळखले आहे, असे मला वाटत नाही. त्यांच्या प्रयोगाचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की, ज्या क्रियेने उदरपोकळीतील दाब इतका बदलतो, ती क्रिया पोट सैल ठेवावयास सांगणाऱ्या अभ्यासात घुसडणे म्हणजे शरीरास एकाच क्षणी दोन परस्परविरुद्ध आज्ञा देणे होय.

खरा धोका श्वासात आहे, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे. भस्त्रिका किंवा कपालभाती जोराने आणि दीर्घकाळ केली असता रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. आता, चीगाँग शिकविणारे पुष्कळ लोक हातांत येणाऱ्या झिणझिण्या हे ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती संचारल्याचे लक्षण मानतात. तेव्हा दोन्हींची सरमिसळ करणारा साधक अतिश्वसनाच्या इशाऱ्यालाच प्रगतीचे चिन्ह समजून अधिक जोर लावतो. त्यावर त्याने कुंभक केला, म्हणजे श्वास रोखून धरला, तर श्वास घेण्याची निकड निर्माण करणारा वायूच घटलेला असल्यामुळे प्राणवायू कमी होत असताही त्याला जाणीव होत नाही. आणि हे सारे चीगाँगच्या पद्धतीप्रमाणे उभ्याने, गुडघे वाकवून, पायांत रक्त साठत असताना चालले असेल, तर घेरी येऊन डोक्यावर पडण्याचा प्रसंग दूर नसतो. प्राणाला सिंह, हत्ती आणि वाघ यांप्रमाणे हळूहळूच वश करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरील ग्रंथाचा इशारा आहे. आधुनिक शरीरशास्त्राने त्याची कारणमीमांसा पुरविली, एवढेच.

दुसरा धोका चित्ताचा. शक्तीचे प्रवाह अंगातून फिरविण्याची उत्कट कल्पना तासन् तास केल्याने निद्रानाश, डोक्यात उष्णता चढल्याची पीडा, भास आणि भ्रम उत्पन्न झालेले रुग्ण चिनी मनोवैद्यांनी पाहिले, आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणातही या विकाराची नोंद झाली. ज्यांना किंवा ज्यांच्या निकटच्या आप्तांना तीव्र मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी शक्तिसंचाराच्या कल्पनांपासून दूर राहून केवळ साध्या हालचाली कराव्यात आणि औषधे डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नयेत.

मग करावे काय? दोहोंपैकी एक अभ्यास मुख्य धरावा. आपल्याकडे योग शिकविणारा माणूस भेटण्याचा संभव अधिक, म्हणून योग मुख्य आणि बादुआनजीन पूरक, ही तजवीज मला व्यवहार्य वाटते. प्रातःकाळी रिकाम्या पोटी आसने आणि कुंभकरहित अनुलोमविलोम करावा. चीगाँग सायंकाळी करावे. वेळेअभावी एकाच बैठकीत करणे भागच पडले, तर आधी चीगाँगच्या संथ हालचाली कराव्यात, नंतर काही मिनिटे स्वस्थ बसून श्वास पूर्ववत होऊ द्यावा, मग आसने आणि शेवटी शवासन करावे. बंध, भस्त्रिका आणि पोट आत ओढून श्वास भरण्याची चीगाँगमधील उलटी पद्धत गुरूवाचून मुळीच करू नये. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, असे मोजले गेलेले आहे. काचबिंदू, उच्च रक्तदाब किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी ते वर्ज्यच करावे. गुडघे झिजलेल्यांनी खोल वाकून उभे राहू नये. खुर्चीवर बसूनही बादुआनजीन करता येते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी, गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून नवा अभ्यास आरंभू नये, आणि मराठवाड्याच्या वैशाखात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, भर उन्हाच्या वेळी हा खटाटोप कोणीच करू नये.

छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, झोप उडाली किंवा कानांत नसलेले आवाज येऊ लागले, तर दोन्ही अभ्यास तत्काळ थांबवावेत आणि दवाखाना गाठावा. चित्रफितीखालील शंकासमाधानावर विसंबू नये. किनवटच्या वाचकांस माझी विनंती एवढीच, की नवा अभ्यास सुरू करण्यापूर्वी गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि आपण कोणकोणत्या क्रिया करणार आहोत हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.